बाही सांगते साल

जुन्या अल्बममधल्या बाईची साडी पाहून फोटो कोणत्या सालचा ते सांगणं अवघड असतं. ब्लाउज पाहिला की सोपं होतं. रुंद काठांची रेशमी साडी १९३० साली होती, १९६० साली होती आणि आजही आहे. तिच्यावरचा ब्लाउज मात्र दर दहा-बारा वर्षांनी रूप पालटत आला. बाही कोपराशी थांबते की दंडावर, खांद्याशी फुगते की चापून बसते, गळा मानेला बिलगतो की पाठीवर खाली उतरतो, एवढ्यावरून जाणकार बाई पाच-सात वर्षांच्या फरकाने साल सांगते. आजेसासूबाईंच्या लग्नातला फोटो आणि मावशीच्या डोहाळजेवणातला फोटो तारखेविना समोर ठेवले, तर घरातलं कुणीही वडीलधारं माणूस त्यांचा क्रम लावून देईल.

हाच हिशेब लावून नाशिकच्या कॉलेज रोडवरची किंवा गंगापूर रोडवरची बुटिकं पाहावीत. काचेमागे टांगलेले ब्लाउज साधारण १९५० ते १९६८ या काळातले वाटतात. कोपरापर्यंतची बाही, खांद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा जाणारा बोट नेक, फुग्याची बाही, ठिपक्यांचं कापड, बंद गळ्याला बारीक पायपिंग. लग्नसराईत त्यात अंबाडा, गजरा आणि मांजरडोळी चष्म्याची भर पडते. याला सगळे ‘रेट्रो’ म्हणतात, आणि ‘जुनं परत आलं’ असंही म्हणतात. त्यातलं खरं किती, ते कापड आणि शिलाई उसवून पाहिल्याखेरीज कळत नाही. माझ्या मते परत आला आहे तो फक्त बेत. कापड नवं आहे, आतलं अस्तर नवं आहे, साडी नेसण्याची तऱ्हाही बरीचशी नवी आहे, आणि काही गोष्टी तर त्या काळी अस्तित्वातच नव्हत्या.

जगभर ज्याला मध्यशतकी फॅशन म्हणतात तिचा आरंभ पॅरिसमध्ये मानला जातो. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी क्रिस्तियां दिओरने आपला पहिला संग्रह दाखवला. आवळलेली कंबर आणि खाली वारच्या वार कापडाचा घेर. ‘हार्पर्स बझार’च्या संपादिका कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. महायुद्धात कापडाची टंचाई होती. ब्रिटनमध्ये १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांना रेशनची कुपनं लागत. अशा दिवसांत एका झग्याला इतकं कापड वापरणं अनेकांना उधळपट्टी वाटली. पण दिओरला भांडवल पुरवणारा मार्सेल बूसाक हा स्वतः मोठा सुती कापड-कारखानदार होता, हे विसरू नये. घेर वाढला की गिरणीचं कापड खपतं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आपल्याकडे नेमक्या त्याच वर्षांत गंगा उलटी वाहत होती. पॅरिसची बाई कापड वाढवत असताना मराठी बाई ते कमी करत होती. नऊवारीतून ती पाचवारीत येत होती. सकच्छ की विकच्छ, म्हणजे कासोटा घालून की त्याविना, हा वाद त्याआधीपासून घरोघरी आणि छापील पानांवर रंगला होता, आणि त्यात अब्रू, धर्म, आरोग्य असे सगळे मुद्दे येऊन गेले होते. युद्धाने त्यात टंचाईचा मुद्दा घातला. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. १९४८ च्या जानेवारीत ते उठवलं, भाव भडकले, आणि त्याच वर्षी पुन्हा लावावं लागलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याऐवजी पाच-सव्वापाच मीटरमध्ये भागतं, हे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या घराला न पटण्याचं कारण नव्हतं. मुली शाळा-कॉलेजात जाऊ लागल्या होत्या, शिक्षिका, परिचारिका, कारकून होऊ लागल्या होत्या. नाशिकमध्ये हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज १९२४ पासून होतं. तिथल्या पुढच्या पिढ्यांच्या विद्यार्थिनींनी गोल पाचवारी साडी नेसली यात बंड कमी आणि सोय जास्त होती.

पण कासोटा गेला तसा एक पेच उभा राहिला. नऊवारीत पदर, ओचा आणि कासोटा मिळून अंगाचा आकार ठरे. चोळी त्यात निम्मी झाकली जाई. पाचवारीत पदर खांद्यावरून एका पट्टीसारखा खाली आला आणि ब्लाउज उघड्यावर पडला. एक बाजू, एक बाही, अख्खी पाठ. आता तो नीट शिवलेलाच हवा होता. पुढे गाठ मारायची खणाची चोळी मागे पडली, झंपर आणि पोलकं आलं, आणि मग अंगाला बसणारा, टक्स घातलेला ब्लाउज. लेडीज टेलर नावाचा व्यवसाय गावोगाव याच काळात फोफावला. घरात शिवणयंत्र असेल तर ते खिडकीपाशी, उजेडात. मासिकांतून शिवणाचे बेत आणि स्वेटरचे टाके यायचे. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ १९३० सालीच निघालं होतं.

मराठी घरांत नव्या फॅशनचं चित्र पोचवलं ते मुख्यतः दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी आणि कॅलेंडरांनी. मडगावचे दीनानाथ दलाल आणि अस्नोड्याचे रघुवीर मुळगावकर हे दोघे गोवेकर चित्रकार यात अग्रभागी. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. या दोघांनी रंगवलेल्या बाईची मान जरा लांब, पापण्या खाली, केसांत वेणी किंवा गजरा, आणि ब्लाउज असा की त्याला शरीरावर एक सुरकुती नाही. खऱ्या कापडाला सुरकुती पडतेच. पण टेलरकडे बाई चित्र घेऊन जाते आणि तसंच हवं म्हणते, ही तक्रार आज फोनवरचा फोटो दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल जितकी ऐकू येते तितकीच तेव्हाही असणार.

दुसरी खिडकी सिनेमाची, आणि तिच्यामागे उभी होती एक मराठी बाई. भानू राजोपाध्ये, पुढे भानू अथैया. जन्म कोल्हापूरचा, १९२९ सालचा. वडील अण्णासाहेब चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये त्या शिकल्या, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. पोटापाण्यासाठी त्यांनी महिला मासिकांत फॅशनची रेखाटनं काढली आणि तिथून त्या सिनेमाकडे वळल्या. ‘श्री ४२०’, ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘वक्त’, ‘गाइड’, ‘आम्रपाली’: आज ‘रेट्रो’ म्हणून जे डोळ्यांपुढे येतं त्यातला केवढा तरी भाग या एका टेबलावर आखला गेला आहे. १९८३ साली ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. एवढं असून आपल्या बुटिकांमध्ये ब्लाउज ‘साधना स्टाइल’, ‘मुमताज स्टाइल’ म्हणून विकला जातो, ‘भानू स्टाइल’ म्हणून नाही. नाव पडद्यावरच्या चेहऱ्याला जातं, कात्री धरणाऱ्याला जात नाही, आणि हे काही फक्त सिनेमातच होत नाही.

त्यांचं एक काम इथे बारकाईने पाहण्याजोगं आहे. ‘ब्रह्मचारी’, साल १९६८. मुमताजची ती नारिंगी, अंगाला लपेटलेली साडी. त्या साडीत नाचायचं होतं, तेही वेगाने. नेसलेली साडी असल्या नाचात तासाभरात सुटते. म्हणून भानूंनी ती आधीच शिवून, निऱ्या पक्क्या करून, आत चेन लावून घालण्याजोगी केली. दिसायला साडी, घालायला घागरा. आता नाशिकच्या कुठल्याही मोठ्या साडीच्या दुकानात जाऊन ‘शिवलेली नऊवारी’ मागा. कासोटा शिवलेला, ओचा शिवलेला, कमरेला नाडी किंवा चेन, दोन मिनिटांत तयार. लेझीम पथकातल्या मुलींपासून नवरीपर्यंत सगळ्या ती घालतात. पणजीची म्हणून मिरवली जाणारी ही नऊवारी कल्पनेने १९६८ च्या हिंदी सिनेमातली आहे. मला यात काही वावगं वाटत नाही. नऊवारी नेसवून देणारी बाई आता दर आळीत मिळत नाही, आणि नेसता येत नाही म्हणून मुलींनी ती सोडूनच द्यावी, यापेक्षा चेन बरी.

आता ब्लाउजच्या आत शिरू. १९५० च्या दशकातला ब्लाउज बहुधा चार टक्सांचा. टक्सची टोकं सरळ एका बिंदूकडे जातात, कारण त्या काळची अंतर्वस्त्रंही टोकदार घडणीची होती. त्यामुळे जुन्या फोटोत छातीची रेषा कोनासारखी दिसते. आजची बाई आतून गोल आकाराचे पॅड वापरते. जुना बेत जसाच्या तसा कापला तर टक्सच्या टोकाशी कापड पोकळ राहतं आणि चुणी पडते. म्हणून मास्टर वरून पन्नासचा गळा आणि बाही घेतात, पण खाली कटोरी किंवा प्रिन्सेस कट टाकतात, जो त्या काळच्या साध्या ब्लाउजात दिसत नाही. फोटोत फरक कळत नाही, अंगात कळतो.

बोट नेकची गंमत निराळी. शर्मिला टागोरमुळे तो लोकप्रिय झाला, असं म्हणतात. हा गळा गळपट्टीच्या हाडाला समांतर, आडवा जातो. पुढे खोल नसल्यामुळे पुढून हुक लावले तर गळ्याची आडवी रेघ मधोमध तुटते. म्हणून हुक मागे किंवा चेन काखेखाली. म्हणजे घालताना दुसऱ्या कुणाची मदत लागते. एकत्र कुटुंबात जाऊ नाही तर नणंद हाताशी होती. आज फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या मुलीला ते जमत नाही, म्हणून नव्या बोट नेकला बाजूची चेन जास्त चालते. शिवाय तीरा, म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंतचं माप, यात पाव इंच चुकलं तर गळा घसरतो किंवा मानेशी वर चढतो. उतरत्या खांद्याच्या बाईला शहाणा टेलर बोट नेक शिवून देण्याआधी एकदा तरी नको म्हणतो.

फुग्याची बाही त्याहून खर्चिक. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा बराच मोठा कापून, चुण्या घेऊन तो मुंढ्यात बसवायचा. सुती रुबियात फुगा दुपारपर्यंत बसतो. पूर्वी खळ घालून तो उभा ठेवत. आता आत नेट किंवा कॅनव्हासची पट्टी जाते. मुळात हा फुगा पाश्चात्त्य झग्यांवरून पारशी आणि बंगाली घरांमार्गे आपल्याकडे आला आणि १९५० च्या आधीच मराठी पोलक्यात रुळला होता. तेव्हा त्याला ‘मध्यशतकी’ म्हणणं जरा ओढूनताणून आहे.

चुडीदाराबद्दल एक ओळ सांगायलाच हवी. ‘वक्त’मध्ये, १९६५ साली, साधनाचा तंग चुडीदार-कुर्ता गाजला. ताणणारं कापड तेव्हा आपल्या बाजारात नव्हतं. पायाला बसावा म्हणून चुडीदार उरेब कापला जाई. तिरक्या धाग्यात कापड आपोआप थोडं ताणतं. त्यात कापड वाया जातं. आजचे लेगिंग तोच आकार लायक्राच्या धाग्याने, कात्रीची अक्कल न वापरता मिळवतात.

मग कापडाकडे वळावं लागतं, आणि इथे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाची एक आठवण आहे: मॅचिंग सेंटर. त्या काळी साडीला ब्लाउजपीस जोडलेला नसे. साडी घेऊन बाई मॅचिंग सेंटरमध्ये जायची, एकमेकांना खेटून उभ्या ठेवलेल्या टू बाय टू रुबियाच्या ठाणांतून दुकानदार पदराशेजारी एकेक छटा धरून दाखवायचा, दाराबाहेर उजेडात नेऊन पुन्हा दाखवायचा. पुढे साडीतच ऐंशी सेंटिमीटरचा पीस विणून येऊ लागला आणि ब्लाउज साडीचाच तुकडा झाला. रेट्रोने सर्वांत चांगलं काय केलं असेल तर हा पीस पुन्हा बाजूला ठेवायला लावला. साध्या सुती साडीवर इरकलीचा, अजरखचा, इकतचा किंवा खणाचा ब्लाउज. विरुद्ध रंगाचा ब्लाउज घालण्याची ही सवय खरोखरीच जुनी आहे, आणि ती परत आल्याने मॅचिंग सेंटरवाल्यांनाही नवे दिवस आले. रुबियाची ठाणं मागे सरकली, छापील सुताची पुढे आली, इतकंच.

खणाची कथा मात्र उलटी. खण विणला जाई बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला, चोळीपुरत्या अरुंद पन्ह्यात. तिकोनी घडी करून तो नारळाबरोबर ओटीत पडे. खणाची साडी आपल्या आज्यांनी नेसलेली नाही, कारण तेवढ्या पन्ह्यात साडी होतच नाही. गेल्या दहा वर्षांत बाजारात आलेली खणाची साडी त्यासाठी रुंद मागावर वेगळी विणावी लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती ‘पारंपरिक’ म्हणून नेसली जाते. दिसते छान, नेसावी. पण तिला परंपरेचं प्रमाणपत्र द्यायची घाई नको.

येवल्याची पैठणी नाशिक जिल्ह्यातलीच, त्यामुळे तिच्यावर इथे जरा हक्काने बोलता येतं. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी, २००४ पासून, ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी खेळाने बक्षिसाची पैठणी रोज संध्याकाळी घरोघरी दाखवली, आणि ज्या घरांत तोवर कधी पैठणी आली नव्हती तिथेही मोराचा पदर ओळखीचा झाला. मध्यशतकात पैठणीवरचा ब्लाउज साधा असे, फार तर बाहीला काठ. आता चाल पालटली आहे: पाठीवर अख्खा बांगडी मोर विणलेला ब्लाउज आणि वर बिनकाठाची साधी साडी. पदरातला मोर पाठीवर गेला. विणकराच्या दृष्टीने हे सोयीचंही आहे, कारण ब्लाउजपुरतं कापड मागावरून लवकर उतरतं आणि जिला अख्खी पैठणी परवडत नाही तीही तेवढं घेऊ शकते. बाजारात यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ त्याहून कितीतरी जास्त विकली जाते. ओळखायची खूण सोपी: पदर उलटा करून पाहावा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास तशीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या कापडाला मागे धागे लोंबतात किंवा कातरलेले दिसतात.

याच जिल्ह्यात खरा पाश्चात्त्य झगाही होता, पण शहरात नव्हे. देवळालीची छावणी, तिथली पारशी आरोग्यभुवनं, इगतपुरी आणि मनमाडच्या रेल्वे वसाहतींतली अँग्लो-इंडियन कुटुंबं, या ठिकाणी कमरेत आवळलेले, खाली घेर असलेले फ्रॉक रोजच्या वापरात होते. आज द्राक्षमळ्यांत आणि वायनरीत ठिपक्यांचा घेरदार झगा घालून लग्नाआधीचे फोटो काढले जातात तेव्हा त्या जोडप्यांच्या मनात पॅरिस असतं. इगतपुरी त्या मळ्यांपासून तासा-दीड तासावर आहे.

रेट्रोची लाट आत्ताच का, याची बरीच कारणं सांगतात. अमेरिकेतली ‘मॅड मेन’ मालिका २००७ ते २०१५ चालली आणि तिने साठच्या दशकातली कंबर जगभर परत आणली. आपल्याकडे १९६२ च्या कोलकात्यात घडणारा ‘परिणीता’ २००५ साली आला, ‘ओम शांति ओम’ २००७ साली. पण मला दुसरं एक कारण जास्त वजनाचं वाटतं. त्या काळच्या कृष्णधवल फोटोंचे मोबाइलवर फोटो काढले गेले आणि ते घरच्या ग्रुपवर फिरले. नातीने आजीला पंचविशीत पहिल्यांदा पाहिलं. नक्कल करावी अशी बाई घरातच निघाली.

नक्कल करायला मूळ कपडे मात्र घरात सापडत नाहीत, आणि त्याचा दोष पावसाळी कसरीला एकटीला देता येणार नाही. सुती पातळांची गोधडी झाली. जरीच्या साड्या जरीतली चांदी काढण्यासाठी जाळल्या गेल्या. उरलेलं बोहारणीने नेलं. एका साडीला एक पातेलं, दोन साड्यांना घासाघीस करून एक डबा. भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशिकात किती नऊवाऱ्यांचे टोप आणि पराती झाल्या असतील, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. म्हणून आजचं मध्यशतक नव्याने शिवावं लागतं. पुढच्या लाटेचं तसं होणार नाही. १९७५ ते १९९० मधल्या पॉलिस्टर साड्यांत जाळून काढावी अशी चांदी नाही, त्यांची गोधडी अंगावर गरम होते, त्यांना कसर लागत नाही, आणि बोहारीणही आता क्वचितच दारावर येते. मोठ्या फुलांच्या, भडक छपाईच्या त्या साड्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आणि दिवाणाच्या पेटीत जशाच्या तशा पडून आहेत, आणि काही मुलींनी त्या उतरवून त्यांचे कुर्ते शिवायला टाकलेही आहेत.